ओहोटीला बांधलं, भरतीनं उचललं

आबा, तुम्हाला आणि आईला जयभीम.

फोनवर आई शेजारी कान लावून बसते, म्हणून हे पत्र. आधी एकट्यानं वाचा.

काल आमच्या जहाजानं बुडालेला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू होडी, वर काढला, आणि तारा गुंडाळायच्या यंत्रावर, विंचवर, मी होते.

हे जहाज नौदलात होतं तेव्हाही हेच करायचं, वाट दाखवणारे तरंगते बोये बसवायचं आणि बुडालेलं वर काढायचं. आता कंपनीचं आहे. रंग नवा, पण पुढच्या टोकावरची, तारा सोडायची लोखंडी शिंगं तीच. तुम्ही खंडाळ्याच्या घाटात जन्मभर गाड्यांना मागून इंजिनं लावलीत, म्हणजे पहिलं विचाराल, ताकद किती? आबा, ताकद समुद्राची. ओहोटीला शिंगांवरून तारा सोडून बार्ज घट्ट बांधला आणि आम्ही चक्क जेवायला बसलो. भरती चढेल तसं जहाज वर आणि त्याच्यामागे बार्ज.

पण बार्ज चिखलात रुतलेला. पुढचं टोक इतकं दबलं की डेकवर पाणी आलं. एक तार तुटून माझ्या डोक्यावरून गेली. मग एकदम चिखल सुटला, जहाज उसळलं, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडलो.

तुमचा गुडघा कसा आहे? कुसगावचं भात झोडून झालं का?

आता आईला हाक मारा आणि इथून मोठ्यानं वाचा.

आई, मला कामावर कायम केलं. काम बसूनच असतं. तू म्हणालीस, "पाण्यापास्नं लांब ऱ्हा," तशी मी लांबच असते.

तुझी चैताली