दिनानाथच्या चिंबोऱ्या सिंगापूरला कशा गेल्या

पनवेल कोळीवाडा,
अमावास्या. (इंग्रजी तारीख लागत असेल तर शैलेशला विचारून घ्यावी, तोच पत्र घेऊन येतो आहे.)

तीर्थस्वरूप काशिरामदादा यांस,

धाकटा साडू दिनानाथ याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, आणि ठीक नसतो तरी पत्रात हेच लिहिलं असतं. तुमचा गुडघा कसा आहे? कुमुदताईंची साखर खाली आली का? (आली नसेल तर त्यांनी जिभेवर जरा ताबा ठेवावा. त्यांची धाकटी बहीण माझ्या घरात आहे, तिच्या जिभेवर ताबा ठेवणं मी केव्हाच सोडून दिलं.) रोडपालीच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवसातून दोनदा पाणी येतं असं कळलं, आनंद झाला. आमच्याकडेही दोनदाच येतं, पण भरतीबरोबर आणि थेट उंबऱ्याला.

आता तुम्ही म्हणाल, रिक्षानं येण्याएवढं अंतर, दोघांच्याही खिशात फोन, मग या माणसाला पत्र लिहिण्याचे डोहाळे का लागले? त्याचं असं आहे, की फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि समोर आलो तर हसता. कागद बिचारा निमूट ऐकून घेतो. शिवाय तुमच्या धाकट्या रियाच्या हळदीपासून मी तुमच्या घरची पायरी चढलेलो नाही, आणि का चढलेलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीत तुम्ही मला म्हणालात, "शैलेशला आमच्या जगनकडं लाव. कार्गोत पेट्या उचलाला मानसं पायजेत." जगनराव तुमचे थोरले जावई, विमानतळावर कंत्राटदाराचे सुपरवायझर, हे मला त्याआधीही तुमच्याच तोंडून पुष्कळदा कळलेलं होतं. मी ताटावरून उठलो आणि बोललो, "माजा पोरगा दुसऱ्याच्या पेट्या उचलनार नाय. त्याच्या पेट्या उचलाला लोकं लागतील!" माझं नशीब असं, की नेमका त्याच क्षणी बेंजो थांबला होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं. तुमच्या थोरल्या कोमलच्या सासूबाईंनी तर वळून बघितलं. त्याचंही काही वाटलं नसतं, पण शैलेशनं ऐकलं आणि खरं धरलं. घरी येताना मोटारसायकलवर मागं न बघता मला म्हणाला, "बाबा, मग करूया एक्स्पोर्ट."

पोरगा बी.कॉम. झाला आहे, तरी आईबरोबर चिखलात उतरतो. त्याच्या वयाची वाड्यातली सगळी पोरं कुठे ना कुठे गेटावर शिट्टी घेऊन उभी आहेत. हा एकटा खाडीत राहिला. तो खाडीतच राहावा, आणि मान वर करून राहावा, एवढंच मला हवं होतं. (पत्रात दुसरं काहीही वाचलं नाहीत तरी हे वाक्य दोनदा वाचा.) आणि माल आमचा सोन्यासारखा. पनवेल खाडीतली काळी चिंबोरी, बिळातून काढलेली, सत्यवतीनं बांधलेली. नांग्या बांधण्याची प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी, हे तुम्ही फ्लॅटमध्ये गेलात म्हणून विसरला नसाल. तुमच्या सासूबाईंची गाठ डावीकडून फिरून पोटाखाली जायची, तीच सत्यवतीनं उचलली आणि तीच शैलेशला शिकवली. बाजारात वीस टोपल्या मांडा, आमची चिंबोरी मी गाठीवरून काढून देईन.

तर एक्स्पोर्ट. त्याला मदत कुठे मिळते हे शोधायला मी निघालो, आणि दादा, तुम्हाला सांगतो, या देशात मदतीचा तुटवडा मुळीच नाही. आधी एका हॉटेलात शिबिराला गेलो. 'लघुउद्योजकांसाठी निर्यात मार्गदर्शन'. दारातच पिशवी दिली, पिशवीत पेन, पेनावर विमान. व्याख्याते टाय लावून ड्रॅगनफ्रूटवर बोलले, मग नाचणीवर बोलले, मग आपल्या उत्पादनाची एक गोष्ट असली पाहिजे यावर बोलले. मी उभा राहून विचारलं, साहेब, जिवंत चिंबोरी, म्हणजे खेकडा, कशी पाठवायची? त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, मूल्यवर्धन करा, तिची पावडर करा. (मी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा सत्यवती म्हणाली, "त्याचीच करा.") दुपारी जेवण चांगलं होतं, फक्त सगळं पनीरचं. चारी बाजूंनी मासळी उतरते त्या गावात मासळी परदेशी कशी पाठवावी हे ऐकायला आलेल्या माणसांना पनीर खायला घालायचं, याला मार्गदर्शन म्हणतात.

मग मोफत मदत क्रमांक. त्यावरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, खाण्याची वस्तू आहे तर खाद्यवाल्यांकडे जा. खाद्यवाले म्हणाले, जिवंत आहे तर जनावरवाल्यांकडे जा. जनावरवाल्यांनी विचारलं, दूध देते का? (हा मी पदरचा मीठमसाला घातला, पण फार नाही.) त्यांनी मासळीवाल्यांकडे धाडलं, आणि मासळीवाले म्हणाले, तुमच्या होडीचे कागद आणा. मी म्हटलं, चिंबोरी बिळात हात घालून काढतो, होडी कशाला लागेल? तेव्हा ते म्हणाले, मग तुम्ही मच्छीमार कसे? माझ्या आज्यापासून आमच्या घरात कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. मी कचेरीबाहेरच्या बाकावर बसून हातावरचे चिंबोरीचे चावे मोजले. एकच काम झटकन झालं. आयात-निर्यातीचा जो नंबर लागतो तो शैलेशनं घरबसल्या फोनवर काढला. आम्ही त्याची चौकट करून एकवीरा आईच्या फोटोशेजारी लावली आहे. हार दोघांनाही मिळतो.

त्यानंतर आमच्या आयुष्यात शिवा आला. खांदा कॉलनीत एका गाळ्यात त्याचं ऑफिस, काचेच्या दारावर पृथ्वीचा गोल. पोरगा वाईट नव्हता दादा, फक्त प्रत्येक वाक्याआधी 'टेन्शन नाय' म्हणायचा, आणि तेव्हाच मला टेन्शन घ्यायला हवं होतं. पण त्यानं सिंगापूरचं गिऱ्हाईक मात्र खरंच शोधलं. टान नावाचे म्हातारे गृहस्थ, फोनच्या पडद्यावर गंजीफ्राकात बसलेले. आता आपल्याकडे बाजारातलं गिऱ्हाईकसुद्धा तिथी बघून चिंबोरी घेतं, अवसेला भरलेली आणि पुनवेला पोकळ. पण सिंगापूरला हे कसं समजावायचं? शिवा इंग्रजीतून बराच वेळ झटला. शेवटी सत्यवतीनं त्याला बाजूला सारलं, पडद्यासमोर दोन्ही हातांनी गोल चंद्र केला, आणि चिंबोरी उचलून नाक मुरडलं. मग चंद्र मिटवला, आणि पोट फुगवून दाखवलं. म्हातारा टाळ्या वाजवून हसायला लागला. त्यानंही चंद्र केला, नाक मुरडलं. मग बोटानं खूण करून चिंबोरी जवळ धरायला सांगितली आणि तिची गाठ नीट निरखून पाहिली. सगळ्या खटाटोपात आमचं बोलणं समजलेला हा एकटा माणूस, आणि तो समुद्रापलीकडे निघाला.

पुढे तपासणी. वाशीकडच्या एका प्रयोगशाळेत नमुना पास व्हायला हवा होता. तिथले साहेब महिन्यातून एकदाच चिंबोऱ्या बघत, आणि तो दिवस यायचा पुनवेच्या आसपास. नमुना पोकळ निघाला. 'मांसाचे प्रमाण अपुरे' असा शेरा. पुढल्या महिन्यात साहेब आले, चंद्रही आला. मी हात जोडून सांगितलं, साहेब, पंधरा दिवस पुढे घ्या. ते म्हणाले, आम्ही पंचांग बघून काम करत नाही. वर त्या दिवशी कुणीतरी नियम काढला, की प्राणी बांधलेल्या स्थितीत आणता येत नाही, दोऱ्या सोडा. सत्यवती म्हणाली, "सायेब, सोडते, पन तुमी पाय वर घ्या." साहेबांनी घेतले नाहीत. पुढची पाच मिनिटं सरकारी कामकाज टेबलावर उभं राहून झालं. एक चिंबोरी कपाटामागे गेली, एक 'आम्ही आपल्या सेवेत' या पाटीखाली जाऊन बसली. सत्यवतीनं सगळ्या पायानं दाबून धरल्या, पुन्हा बांधल्या, आणि साहेबांना म्हणाली, "आता उतरा." त्याच्या पुढल्या महिन्यात साहेब रजेवर गेले, तारीख आपोआप पुढे सरकली, अवस आली आणि आम्ही पास झालो. सरकारी रजेचा गरिबाला झालेला हा एवढाच उपयोग माझ्या माहितीत आहे.

आता फक्त माल विमानात चढवायचा होता. त्या अवसेला मायलेकरं दोन दिवस चिखलात होती. पेट्या भरल्या, ओली गोणपाटं घातली, शैलेशनं पेटीवर आमचं नाव रंगवलं. टेम्पोतून जाताना पोरगा एवढा खूश, की मला माझी ती पंगतीतली बढाई पहिल्यांदाच बढाई वाटली नाही. कार्गोच्या गेटावर विचारलं, बुकिंग कुठल्या एजंटाकडून? शिवानं सांगितलं होतं, टेन्शन नाय, गेटावर होतं सगळं. शिवाला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तो आजतागायत बंद आहे आणि खांदा कॉलनीतल्या त्या काचेच्या दारामागे आता ब्युटी पार्लर आहे. गेटवाल्यांचा दोष नाही, त्यांनी नियम सांगितला. ऊन मात्र नियम न सांगता चढत होतं. सत्यवती पेट्यांवर बाटलीनं पाणी शिंपडत होती आणि एक एक चिंबोरी हलेनाशी होत होती. तेवढ्यात मार्केटमधल्या भावेशशेठची गाडी आली. त्याच्याकडे सगळे कागद, एजंट, बुकिंग. त्यानं पेट्या उघडून पाहिल्या, जिवंत राहिलेल्या वेगळ्या काढल्या, आणि तिथेच उभ्या उभ्या तो म्हणेल त्या दरानं घेतल्या. त्याचा हमाल आला नव्हता. शैलेश पुढे झाला, आमच्या पेट्यांवरचं नाव त्यानं स्वतः ओल्या गोणपाटानं पुसलं, आणि पेट्या उचलून भावेशशेठच्या मालात लावल्या. आत उभ्या असलेल्या सुपरवायझरनं त्याला पेट्यांआडून पाठमोरा बघितला आणि म्हणाला, पोरगा कामाचा आहे, कोणाचा? मी टेम्पोच्या मागे गेलो. ते तुमचे जगनराव होते, आणि त्यांनी मला बघू नये अशी माझी इच्छा होती.

तेव्हापासून भावेशशेठचा टेम्पो प्रत्येक अवसेला दारात येतो, आमच्या चिंबोऱ्या उचलतो, आणि त्याच्या नावानं त्या सिंगापूरला टानबाबांकडे जातात. (त्याला निर्यातदार म्हणून पुरस्कारही मिळाला. फोटोत त्याच्या हातात तीच पिशवी, तेच पेन.) गेल्या अवसेनंतर दोन दिवसांनी टानबाबांचा शैलेशच्या फोनवर फोटो आला. बांधलेली चिंबोरी, गाठ जवळून काढलेली, आणि खाली प्रश्न, ही तुमच्या आईची ना? मग पेटीवर दुसऱ्याचं नाव का? शैलेशनं फोन पालथा करून ठेवला. आता डोक्यावरून विमान गेलं की सत्यवती वर न बघता म्हणते, "ती चालली बग आपली." शैलेश मात्र हल्ली हसत नाही. खाडीतून येतो, पाय धुतो, आणि ती चौकट बघत बसतो. मला त्याच्याकडे बघवत नाही, दादा.

असो. तुमचा वेळ घेतला. लहानांस आशीर्वाद, कुमुदताईंना नमस्कार, गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. शैलेशबरोबर एक पेटी पाठवली आहे. आज अवस, सगळ्या भरलेल्या आहेत. कुमुदताईंना सांगा, पाणी उकळेपर्यंत दोऱ्या सोडायच्या नाहीत. निम्म्या तुमच्या. निम्म्या जगनरावांकडे पोचवा, त्यांना आवडतात असं ऐकलं.

ता. क. दुसरं. जगनरावांच्या हाताखाली जागा असेल तर शैलेशसाठी बघा. पत्र लिहायला घेतलं ते याचसाठी, बाकीचं हातानं लिहिलं गेलं. पत्रात काय आहे हे त्याला माहीत नाही. त्याला आत बोलवा, पंख्याखाली बसवा, आणि मगच जागेचा विषय काढा.

ता. क. तिसरं. पंगतीत बोललो ते मी परत घेतो. तुम्ही हसलात तरी चालेल, पण तो गेल्यावर हसा.

ता. क. शेवटचं. जगनरावांना एवढं सांगा, की शैलेशला कुठल्याही पेट्या उचलायला लावा, औषधाच्या, कपड्याच्या, फळांच्या, जड असल्या तरी चालतील. फक्त अवसेच्या दिवशी चिंबोऱ्यांच्या देऊ नका. पेटीवर नाव कुणाचंही असो, फटीतून आईची गाठ त्याला दिसेल.