इनास सांगणार नाही

शनिवार, संध्याकाळ. वसई

कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडली आहे. पोर्तुगीजांच्या काळातला आमचा किल्ला, तिथल्या चर्चमधून नाहीसा झालेला चांदीचा दिवा आणि चोराचा माग काढणारी नऊ वर्षांची इनास. भिंतीच्या ओल्या चुन्यात तिला चार बोटांचा ठसा दिसतो. चारच बोटं. तिच्या बापाला, गवंड्याला, उजव्या हाताची करंगळी नाही. ती कप्तानाला जाऊन सांगते आणि गोष्ट संपते. असं मी लिहिलं होतं.

आज सईला वाचून दाखवलं. लेक आता बारा वर्षांची, उगाच कौतुक करत नाही. पेरू खात ऐकत होती.

"ती नाही सांगणार," म्हणाली.

"पण ती हुशार आहे ना?"

"म्हणूनच."

मग सहज बोलावं तसं म्हणाली, "बाबा जाणार हे मला आधीच कळलं होतं. ऑफिसच्या बॅगेतून एकेक शर्ट न्यायचे, परत नाही आणायचे."

कपाट माझ्या खोलीत होतं. मला कसं दिसलं नाही?

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भांडली असतीस. मग ते लगेच गेले असते."

पेरू संपवून ती क्लासला गेली.

चुन्यातला ठसा तसाच ठेवते. इनास तो बघेल, घरी येईल आणि बापाच्या शेजारी बसून जेवेल. जितके दिवस मिळतील तितके.