दंडाचा एक फटका

८ एप्रिल १९९७
"बॅगा वाहणाऱ्या बांधवांनो! आठवड्याचे सहा दिवस साहेबाच्या काठ्या आपल्या खांद्यावर, आणि त्याच हिरवळीवर आपल्याला खेळायला फक्त सोमवार!" — जयंतीच्या भाषणाची सुरुवात. दादाला वाचून दाखवली. बाबुरावदादा पंचवीस वर्षं येरवड्याच्या गोल्फ मैदानावर कॅडी आहे. म्हणाला, "मच्छिंद्र, हळू बोल. सोमवारबी जाईल."
हे आमचे क्रांतिकारक!

१४ एप्रिल
भाषण गाजलं. पुतण्या, दादाचा चेतन, हजर नव्हता. जयंती सोमवारी आली आणि चेतन मैदानावर!

२ ऑगस्ट
चेतनला कॉलेजात प्रवेश. खेळाडूंच्या जागेवर — पण बेसबॉलच्या. गोल्फ त्यांच्या यादीतच नाही. सरांनी त्याचा गोल्फचा फटका पाहिला आणि म्हणाले, कंबर अशीच फिरव, चेंडू तेवढा समोरून येईल. शेजारच्या सुशीलाबाईंनी विचारलं, क्रिकेट का नाही खेळत, पोराला काही होतंय का.

११ फेब्रुवारी १९९८
बेसबॉल पाहून आलो. समोरच्याचं लक्ष नसताना पुढच्या बेसवर पळायचं. त्याला चोरणं म्हणतात आणि टाळ्या पडतात. चेतनने दोन चोरले. इतका प्रामाणिक खेळ मी पाहिला नव्हता. आमच्या खात्यात हेच करतात, नाव वेगळं देतात.

२० नोव्हेंबर
कॉलेजच्या यादीत नसलेल्या गोल्फमध्ये चेतन साऱ्या विद्यापीठांत पहिला! प्राचार्य सत्कारात दोनदा 'पोलो' म्हणाले.

९ जानेवारी १९९९
एका संगणक कंपनीला गोल्फचं वेड लागलंय. अमेरिकन गिऱ्हाईक खेळतं ना! एप्रिलच्या स्पर्धेत पहिला येईल त्याला वर्षभर देशभर खेळायला पाठवणार. कंपनीचे केदार म्हणून कोणी, सदाशिव पेठेतले. चेतनला म्हणाले, "गोल्फ घरातूनच आलेला दिसतो."
"हो. खांद्यावरून," चेतन म्हणाला.
माझी तीस वर्षांची भाषणं एकीकडे!

१८ एप्रिल
एका फटक्याने हरला. एका!
बॅग दादाकडे होती, चेतनचाच हट्ट. चौदाव्या खड्ड्याच्या आधी पंच आले, काही लिहिलं, दंड म्हणून एक फटका वाढवला; ज्याचे फटके कमी तो जिंकतो. मी दोरीच्या बाहेर, ऐकू काही आलं नाही. ऐकायची गरजही नाही. आमच्या पोरांसाठी नियम नेमके कसे सापडतात, ते मला ठाऊक आहे.
दादाने बॅग चेतनकडे दिली आणि एकटाच चालत घरी आला.

२० एप्रिल
पत्रक लिहिलं. येत्या सोमवारी कोणी खेळायचं नाही, सगळ्यांनी फाटकावर बसायचं! चाळीस जण तयार. दिगंबर कॅडी तेवढा म्हणाला, आठवड्यात एकच दिवस आपला, तोच आपण बंद करायचा? काही लोकांना लढा कळत नाही.
दादा दोन दिवस कामावर गेलेला नाही. जेवतही नाही धड.

२२ एप्रिल
संध्याकाळी चेतन आला. "काका, पत्रक थांबवा. दंड मीच मागून घेतला."
चेंडू गवतात गेला होता. दादा नेहमीसारखा आधी पोचला आणि पायाच्या बोटांत धरून चेंडू मोकळ्यावर सरकवला. पंचवीस वर्षं साहेबांसाठी हेच केलं. साहेब तेवढ्यात दुसरीकडे बघतात. बक्षीस घेताना बघतात फक्त.
"आण्णांनी ठरवून नाही केलं," चेतन बापाबद्दल म्हणाला. "पाय आपोआप गेला."
चेतनने चेंडू परत गवतात ठेवला आणि पंचांना बोलावलं. मी विचारलं, कोणी पाहिलं होतं का? नाही म्हणाला. मग कशाला सांगितलंस?
"नाहीतर मीही साहेबच की, काका."
मी माझ्याच पत्रकांचा गठ्ठा उलटा घालून ठेवला. हे आयुष्यात पहिल्यांदा.

२५ एप्रिल
पत्रकं फाडली. चाळीस जणांना एवढंच सांगितलं, चूक माझी. दादा म्हणतो, पोराच्या बॅगेला आता हात लावणार नाही. चेतन म्हणतो, दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही. समजवायला गेलो तर माझं भाषण होईल. म्हणून एकच वाक्य पाठ करून जातो आहे, इथे लिहून:
दादा, उद्या सोमवार, पोराची बॅग उचल.