पेन ड्राइव्हवरचं मोहफूल

माय, परवा तुला पुसून टाकणार होतो. मुद्दाम नाही. चंद्रपूरच्या या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे त्याला चालवणारं डोकं, नव्याने टाकायचं होतं, त्यासाठी एक पेन ड्राइव्ह रिकामा करायला पाहिजे होता. होते तेवढे सगळे खोचले. एकात माझे पेपरात छापून आलेले टोमणेवजा लेख, एकात लोकांच्या लग्नांचे फोटो, आणि एकात तू, पोंभुर्ण्याच्या अंगणात मोहफुलं वाळवताना बडबडलेली, मी फोनवर चोरून रेकॉर्ड केलेली. पडद्यावर सगळ्यांचं चित्र एकच, करडी डबी. पुसायच्या बटणावर बोट होतं. सहज आत डोकावलो, फाईलला तुझं नाव दिसलं, म्हणून वाचलीस.

तुझ्या रांधणीतले डबेही असेच, सगळे एका अंगाचे. सुनेनं हौसेनं चिठ्ठ्या चिकटवल्या. तू त्या राहू दिल्यास आणि वर आपल्या खुणा ठेवल्यास: तिखटावर मिरचीचं देठ, मिठावर नदीतला गोटा, जवसाच्या डब्याला निळी चिंधी. जंगलात वेचलेल्या मोहावर पळसाचं पान ठेवून दगड दाबला की तो ढीग कोणाचा तरी आहे, हात लावायचा नाही, हे गावाला कळतं. तोच कायदा तू घरात चालवायचीस. चिठ्ठी असताना हे काऊन, असं मी विचारलं होतं. तू मान वर न करता म्हणालीस, "चिठ्ठी तुह्यासाठी. मले माह्या हातची खूण लागते."

तर मीही खूण ठेवायला बसलो. लिनक्सचा स्वभाव तुझ्यासारखा, सांगितल्याशिवाय काही करत नाही, पण नीट सांगितलं तर नाही म्हणत नाही. पेन ड्राइव्हच्या आतच एक चित्र ठेवायचं, आणि सोबत टिंबानं सुरू होणाऱ्या नावाची, म्हणून लपून राहणारी, छोटी फाईल. तीत लिहायचं, हा ड्राइव्ह लावला की करड्या डबीऐवजी हे चित्र दाखव. चित्र कोणतं, इथं अडलं. तुझा फोटो एकच, आधार कार्डावरचा. हलू नको म्हणून दटावल्यामुळे त्यात तू कोंबडी चोरताना सापडल्यासारखी पाहतेस. ते तोंड रोज बघणं माझ्यानं होत नाही. मग मोहफूल लावलं. बायको चहा घेऊन आली, वाकून पाहिलं.

"लसूण काऊन लावला जी?"

मोह आहे म्हटलं. ती तुझ्या आठवणीनं म्हणाली, "आत्याबाई असत्या त फोडणीत टाकला असता." हसलो दोघं, आणि एकदम थांबलो. अशा वेळी सगळ्यात मोठ्यानं हसायचीस तू.

चित्र बदललं नाही. करड्या डब्यांत तो पिवळट लसूण उगवला की घरात कोणीतरी आल्यासारखं वाटतं. हे पत्र कुठी पाठवून नाई राह्यलो, तू आहेस तिथवर चढायला पोस्टमनची तशीही हाडं खिळखिळी झाली आहेत.

एक मात्र सांगतो. तुझ्या आवाजाची ती फाईल मी अजून एकदाही ऐकली नाही. ड्राइव्ह लावतो, पडद्यावर तू येईपर्यंत थांबतो, आलीस की काढून घेतो. मग परत लावतो.