जुन्या पोकलेनची बोलचाल बंद

परतूर,
मार्च २००६

ती. सगुणाआक्कांच्या पायांवर डोकं ठेवून चतुरेचा नमस्कार.

माझ्या लग्नात, मांडवातच, तुम्ही म्हणाला होतात, ‘ही पोर गप बसली की समजावं, घरात कायतरी बिघडलंय.’ तेव्हा आपली ओळख होऊन तासही झाला नव्हता. संक्रांतीपासून माझं पत्र नाही, तेव्हा तुम्ही काय ते ओळखून असालच. (फोन केला असता, पण तुम्ही फोनवर ‘हां, बरं हाय, ठिवते’ याच्या पुढे जात नाही, आणि मला सांगायचं आहे लांबलचक.) तुमचा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला का? अंतरवालीत ऊन फार असेल, दुपारचं बाहेर पडू नका. इकडे माणसं सगळी खुशाल आहेत. बिघडलं आहे ते फक्त पोकलेन.

तुमच्या भावाने गुजरातेत दुसऱ्यांच्या मशिनी चालवण्यात उमेदीचा काळ घालवला, हे मी तुम्हाला काय सांगावं? लग्नानंतरची बरीच वर्षं मी नवरा दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यासारखा पाहिला. मागच्या दसऱ्याला हे जुनं का होईना, स्वतःचं पोकलेन आलं, आसपासच्या शेततळ्यांची कामं मिळाली, आणि माणूस रोज घरी जेवायला लागला. (भाजीला मीठ कमी आहे, हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. मला फार बरं वाटलं.)

संक्रांतीनंतर मशीन रुसायला लागली. सकाळी गुणाची, दुपारी खड्ड्यात उतरून दणके बसले की इंजिन आपसूक मंदावायचं, पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, आणि तिचा तो मोठा हात, उत्तर येत नसताना बोट वर केलेल्या शाळकरी पोरीसारखा, अर्ध्यात थांबायचा. गावातल्या रखमाजी मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर बदलला. बॅटरीवाल्याने बॅटरी बदलली. शेजारच्या चांगुणाबाईंनी दृष्ट काढली. प्रत्येक वेळी मशीन एखादा दिवस चालली, त्यामुळे आपलंच औषध लागू पडलं असं तिघांनाही अजून वाटतं.

मधल्या काळात गुजरातच्या जुन्या मालकाचे फोन सुरू झाले. हे माझ्यासमोर ‘बघू’ म्हणतात आणि अंगणात जाऊन उरलेलं बोलतात. परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून पुसून ठेवली. म्हणाले, ‘आता एक डाव बंद पडली की इकून टाकतो अन् जातो.’

शेवटी नवीन जालन्याहून गयासोद्दीनभाईंना आणलं. मोठे नामी मेकॅनिक, आणि तसं दुसऱ्या कुणी सांगायची ते वाट पाहत नाहीत. त्यांनी लॅपटॉप काढला, वायर जोडली, बटणं दाबली. लॅपटॉपला मशीन सापडेचना. ‘धूप है भाभी, घबरा गया,’ म्हणाले. आम्ही दोघांनी माझ्या जुन्या साडीचा आडोसा धरला, तरी त्याची घबराट जाईना. मग लॅपटॉपला मनसोक्त बोलून घेऊन ते साधं मीटर घेऊन बसले.

त्यांनी समजावलं ते मला इतकं आवडलं की लिहिल्यावाचून राहवत नाही. मशीनमध्ये तीन डबे असतात: इंजिनचा, पंपाचा, पडद्याचा. तिघं दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, आणि त्या दोन वायरी वेणीसारखा पीळ घालून मशीनभर फिरवलेल्या असतात. ‘इनकी बोलचाल बंद है, भाभी. इंजिन कू मालूमच नै पंप कू क्या होना. डर के मारे धीरे चलता.’ बॅटरी सोडवून त्या जोडीवर मीटर लावलं की साठ आकडा यायला हवा. एकशेवीस आला तर मधे कुठेतरी तुटलं. आमचा एकशेवीस.

तुटलं कुठे ते शोधायला मला केबिनमध्ये बसवून मीटर हातात दिलं. गयासोद्दीनभाई वायर हलवत सरकणार आणि मी आकडा ओरडणार. ‘एकशेवीस! साठ! एकशेवीस!’ आमची जागा मोंढ्याच्या रस्त्यावर. धान्य विकायला निघालेली माणसं थांबायला लागली. साहेबराव आडते स्कूटर लावून आतच आले, बराच वेळ ऐकलं आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘कशाचा लिलाव हाय हा? अन् वहिनी घडीत चढवून राह्यल्या, घडीत उतरवून राह्यल्या, असं गिऱ्हाईक थांबंल का?’

आकडा सगळ्यात जास्त नाचला तो सीटमागच्या कप्प्यापाशी. झाकण उघडलं. आत हिरव्या चिंध्यांचं गोल अंथरूण, त्यात उंदराची गुलाबी पिल्लं, भोवती गव्हाचा भुगा, आणि शेजारून जाणारी ती वेणी, अर्धी खाल्लेली.

आक्का, ती तुमची ओटी.

मशीन आली त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, की वापरलेली मशीन म्हणजे दुसऱ्या घरून आलेली बाई, तिचं मन इथं रमलं पाहिजे? हिरवा खण, नारळ, गहू, सुपारी त्याच कप्प्यात ठेवून तुम्ही तिची ओटी भरलीत, आणि ‘वरीस भरस्तोर हलवायची न्हाई, माझ्या शब्दाबिगर तर बिलकुल न्हाई’ असं बजावून गेलात. मी तसं सांगितल्यावर गयासोद्दीनभाईंनी हात मागे घेतला. ‘बहन की रखी हुई चीज है, मैं नै छूता.’ ह्यांनी तर चपलाच काढल्या. मग गयासोद्दीनभाईंनीच ओटीला धक्का न लावता, हात तिरका घालून, वायर जोडली. साठ आला. मशीन झकास चालते आहे. काळजी नसावी. खुशाली कळावी, एवढ्याचसाठी हे पत्र.

तुमची,
चतुरा

ता. क. वर ‘झकास’ लिहिलं ते बुधवारी. आज शुक्रवार, आणि उंदरीणबाईंनी दुसरी वायर धरली आहे. गयासोद्दीनभाईंनी पुन्हा जोडून दिली, पण म्हणाले, ‘गेहूं रहे तब तक चूहा रहेंगा.’ ह्यांनी पेटीत दोन सदरे ठेवले आहेत. मी ते काढते, हे पुन्हा ठेवतात.

पुन्हा ता. क. हे आंघोळीला गेल्यावर मी कप्पा रिकामा करू शकले असते. झाकणापर्यंत हात गेलाही. पण ती ओटी भरली तेव्हापासून हा माणूस घरी जेवतो आहे, हेही खरंच आहे ना? तिनेच ह्यांना धरून ठेवलं असेल तर? आणि ठेवली तर मशीन बंद पडून हे जाणारच. मला काही ठरवता येत नाही, आणि हे तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही म्हणाल, वरीस भरू दे. म्हणाल, उंदीर गणपतीचं वाहन, आपल्या वाहनात आलं तर चांगलंच. तरी सोबत ह्यांचा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड ठेवते आहे. त्यावर फक्त ‘काढ’ लिहायचं. दोनच अक्षरं आहेत, आक्का. तुम्ही लिहिणार नाही. तरी लिहा.