शेवटच्या घराचा नळ

सोमवार

चि. धाकट्यास, ताईचा आशीर्वाद. रागही आहे, तो खाली वाच.

तुझ्या बाबांनी, हो, आज ते फक्त तुझेच, माझा जीव नकोसा केलाय. शनिवारपासून बर्फ पडतोय. दारात गुडघाभर साचलाय. कोंबड्या खुराड्यातून पाय बाहेर काढत नाहीत, आणि माझ्याकडे अशा बघतात जसा तो मीच पाडलाय. तेही चालेल. पण बाबा रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडून ठेवतात, आणि मग खुशाल निजतात. का, तर आपलं गल्लीतलं शेवटचं घर. आपल्याकडे धार चालू राहिली की सातही घरांची लाइन गोठत नाही म्हणे. लाइन त्यांनीच टाकलीय ना तीस वर्षांमागे, म्हणून पाणीही त्यांना विचारूनच गोठतं!

सकाळी बादली भरून वाहते आणि फरशीवर काच होते नुसती. काल तुझे भाऊजी चहाचा कप घेऊन चुलीपासून दारापर्यंत बसल्याबसल्या गेले. कप शाबूत, माणूस लंगडा. मी बोलले तर बाबा म्हणतात की पाणी आणि माणूस चालतं असलेलं बरं. सुविचार ऐकायला मला वेळ नाही. आज मी याचा सोक्षमोक्ष लावणार आहे.

तू तिकडे शहरात घराला मोठी खोली काढलीस म्हणून मागे दिमाखात लिहिलं होतंस. मग ने की त्यांना! उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. हे दूधगाडीवाल्याच्या हाती देतेय, उत्तरही त्याच्याच हाती दे.

तुझ्या छोटीला पापा. तुला तो नंतर, वागणूक बघून.
ताई

बुधवार

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

दूधगाडीवाल्याने काल पत्र दिलं आणि सोबत तोंडी बातमीही. म्हणाला की सकाळी सातही घरांचे नळ कोरडे पडले, गल्ली आपल्या दारात जमली, आणि बाबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की नळ सोडायचा मीच विसरलो, वय झालं.

ताई, बाबा काही विसरले असं मला एकदाही आठवत नाही. रात्रभर डोळा लागला नाही. आज नळ विसरले, उद्या चूल विसरतील. तू लिहिलंस ते बरोबरच होतं, मीच अंग चोरत होतो. खोली रंगवून झालीय, छोटीने खिडकीत त्यांची खुर्चीसुद्धा मांडली. रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांची पेटी भरून ठेव. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस, म्हणजे जरा कमी बोल.

माया आहेच, ती बोलण्यातही दिसू दे.
तुझा धाकटा

शुक्रवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद राखून ठेवलाय. पेटी न्यायला येशील तर याद राख.

बाबा काडीचं विसरले नव्हते. सोमवारी त्यांनी नळ सोडला होता. ते आडवे झाल्यावर मी त्यांचाच पान्हा घेऊन तो गच्च आवळला. सकाळी अख्खी गल्ली बादल्या वाजवत दारात. शिंपीणबाई पुढे, सुतार मागे. बाबा माझ्याआधी उंबऱ्यावर गेले आणि मीच विसरलो म्हणाले. मी गप्प बसले. मी! तुझा विश्वास बसणार नाही.

मग दोन दिवस बघत होते. शिंपीणबाई बाबांशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागली, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तशी. सुताराने त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि आजोबा, तुम्ही शेकत बसा म्हणाला. स्वतः गल्लीभर उंदरासारखा खणत सुटला. लाइन कुठे गोठली असेल ते बाबांना कोणी विचारलंच नाही. विसराळू माणसाला काय विचारायचं?

काल सकाळी तुझं पत्र वाचून दाखवलं. बाबा उठले. सगळे पान्हे तेल लावून फडक्यात बांधले आणि सुताराला दे म्हणाले. शहरात नळ दुसऱ्यांचे असतात म्हणाले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. तशीच बाहेर गेले आणि भर गल्लीत ओरडून सांगितलं की नळ मी बंद केला, या हाताने. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. शिंपीणबाई इतकी हसली की बर्फातच बसली, दोघांनी ओढून काढली. सुताराने मला शिक्षा म्हणून सातही घरांच्या पाण्यासाठी बर्फ वितळवायला लावला. मग सगळे बाबांकडे आले. त्यांनी ओढ्यावरच्या पुलापाशी काठीने एक जागा दाखवली, एकच. लाइन तिथे उघड्यावरून जाते. गरम पाण्यात गोणपाट भिजवून गुंडाळलं. अर्ध्या तासात नळ खोकला, थुंकला आणि वाहायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भाऊजींनीही, लंगडत.

एवढं झालं, पण पान्ह्यांचं फडकं अजून सुटलेलं नाही. मी थांबा म्हणाले तर त्यांना वाटतं मी लाजेने बोलतेय. लेक हाकलते आणि लेक बोलावतो, मग माणसाने काय समजायचं? माझं तोंड वाईट आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते माझं चांगलं बोलणं धरत नाहीत. तुझं धरतील.

तेव्हा नीट वाच. रविवारी ये, पण न्यायला नाही. कागद-पेन्सिल घेऊन ये. लाइन कुठून कुठे जाते, कुठे वळते, कुठली चावी कशाची, हे तुझ्याशिवाय घरात कोणाला रेखाटता येत नाही आणि त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नाही. शिकायला येतो असं त्यांच्या नावाने लिही, माझ्या नाही. खुर्चीत उन्हाळ्यात येऊन बसतील, छोटीला सांग.

पत्र उद्या, शनिवारच्या दूधगाडीने आलंच पाहिजे. येतो म्हणत असशील तरच लिही. नाही म्हणायचं असेल तर ते इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.
ताई