नत्थुजींच्या लेकीची मुकी गिटार

अमरावती,
बुधवार

तीर्थस्वरूप जानराव मामा,

पातूरच्या नत्थुजींची थोरली लेक गीतांजली हिचा अमरावतीहून वाकून नमस्कार. मी बरी आहे. तिकडे अचलपूरला तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. दुर्गामामींचे गुडघे आता जिना चढू देतात का? आणि तुमचा उजवा कान कसा आहे? आई सांगत होती की परतवाड्याच्या त्या वरातीत रात्रभर स्पीकरला टेकून उभे राहिलात, तेव्हापासून त्यात शिट्टी वाजते. डॉक्टरांनी स्पीकरपासून लांब राहायला सांगितलं आहे आणि तुमचा धंदा मांडव आणि साउंडचा, तेव्हा पथ्य कसं पाळता हे कळवा. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तो कानच. (मागच्या वेळी मी पाच मिनिटं माझं दुःख सांगत होते. शेवटी तुम्ही "आवाज चांगला येऊन राह्यला" म्हणालात आणि फोन ठेवलात.)

तुम्हाला माहीतच आहे की मी सकाळी क्लासमध्ये नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि लग्नसराईत कुलदीपच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. यातलं पहिलं बाबांना समजतं. दुसरं समजावं म्हणून मी अडीच वर्षं धडपडते आहे. कुलदीप म्हणजे आमचा कीबोर्डवाला, राजकमल चौकाजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. श्रावण ड्रम वाजवतो, रागिणी गाते. कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्या मुलांना पुढे उभं राहून साधी गिटार वाजवायची होती आणि ही खालच्या सुरांची बेस कोपऱ्यात पडून होती. मी ती उचलली, कारण मला वाटलं की कोणी तरी खालचं काम करायलाच हवं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला अशा गोष्टी फार वाटतात. (कुलदीप म्हणतो की मी बेस वाजवत नाही, समाजसेवा करते.)

अडचण अशी की मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस ऐकू येत नाही. तुम्ही या धंद्यातले, तुम्हाला सांगायला नको. पण मी घरी पाठवते ते सगळे व्हिडिओ बाबा मोबाइलवरच बघतात. त्यांत ड्रम ऐकू येतो, रागिणी ऐकू येते, पंगतीत कोणी तरी मठ्ठा मागतो तेही ऐकू येतं. मी मात्र नुसती बोटं हलवत उभी असते. बाबांनी पहिला व्हिडिओ वीस वेळा बघितला, शेजारच्या महादेवरावांच्या मोबाइलवर लावून बघितला, मग मला फोन करून अगदी हळू आवाजात विचारलं की बाकीच्या गिटारीला सहा तारा असतात, तुझ्या दोन कुठे गेल्या? चारच असतात म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. नंतर आईकडून कळलं की पोरीला मोडकं सामान देऊन मागे उभं करतात आणि ती भोळी असल्यामुळे तिला कळत नाही, असं त्यांनी घरात जाहीर केलं आहे.

मी शिक्षिका आहे. मला वाटलं, नीट समजावलं तर काय समजत नाही? पोळ्याला घरी गेले तेव्हा खताच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे मी त्यांना ध्वनिलहरी काढून दाखवल्या, उंच सुराच्या बारीक आणि खालच्या सुराच्या लांब. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले की हे दिसून राह्यलं, मंग आयकू कावून येत नाही? मग मी त्यांच्याच फुलशेतीतला दाखला द्यायचा ठरवला. (हा दाखला मी बसमध्ये बसून तयार केला होता आणि मला तो फार आवडला होता.) मी म्हटलं, बाबा, तुमचा झेंडूचा हार असतो, त्यात फुलंच दिसतात, पण आतला दोरा नसता तर हार राहिला असता का? मी तो दोरा आहे. बाबा पाटीतली फुलं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "दोऱ्याले कोणी हार म्हणत नाही, बाई. आन् दोरा आमी फुलासंगं फुकट देतो."



मग मी प्रयोग केला. विज्ञानात प्रयोगाला पर्याय नाही. सरावाचा छोटा स्पीकर मी मांडीवर घेऊन अमरावती ते अकोला आणि अकोला ते पातूर असा एसटीने नेला. (कंडक्टरने त्याला अर्धं तिकीट लागेल का यावर बराच विचार केला.) घरी भांड्यांच्या मांडणीखाली ठेवून, वीज आल्याबरोबर मी अगदी मन लावून वाजवायला सुरुवात केली. दोन मिनिटांत मांडणीवरची ताटं, वाट्या, डबे आणि आईच्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड सगळे थरथरू लागले. आई चुलीवरचं सोडून धावत आली आणि भूकंप समजून आधी गुंड धरला, मग मला. बाबा खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले. ते म्हणाले, भांडे चांगले वाजले, पण त्यासाठी अमरावतीले राहाची काय गरज आहे?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, मामा. पण गेल्या महिन्यात बाबा इथल्या बाजारात शेवंती घेऊन आले आणि संध्याकाळी न सांगता आमच्या कार्यक्रमाला येऊन उभे राहिले. बडनेरा रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. नवरीच्या आजोबांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. दुसरं गाणं सुरू होतं न होतं तोच मुलीचे काका स्टेजजवळ आले आणि म्हणाले की आवाज चालेल, पण ते छातीत धडधडतं ते बंद करा. छातीत धडधडतं ते म्हणजे मी. कुलदीपने माझी वायर काढली. मी गिटार खाली ठेवू लागले तर तो हळूच म्हणाला की ठेवू नकोस, त्यांना लेडीज गिटार असं सांगून कार्यक्रम घेतला आहे, तू नुसती दिसत राहा.

मी दिसत राहिले. खोटी बोटं हलवणं मनाला पटेना, म्हणून सगळी गाणी मी खरोखर वाजवली, एकही जागा न सोडता, कोणालाही ऐकू न जाता, आजोबांच्या प्रकृतीस आराम पडो असं मनात म्हणत. आणि शेवटच्या गाण्याला समोर आइस्क्रीमच्या टेबलाशेजारी हातात काही न घेता उभे असलेले बाबा दिसले. किती वेळ होते कोणास ठाऊक.

कार्यक्रम संपल्यावर ते सरळ स्टेजवर चढले. मला वाटलं माझ्याशी बोलतील. ते कुलदीपसमोर उभे राहिले.

"माह्या पोरीले मुकी गिटार कावून देली?"

कुलदीपला आजोबांची गोष्ट सांगता आली असती. पण त्याला शहाणपणाचं बोलायची सवय आहे. तो म्हणाला, "काका, बेस ऐकू येत नसते. बेस जाणवते."

"मले नाही जाणवली."

श्रावण वळून ड्रमचे स्क्रू आवळू लागला. बाबांनी माझी गिटार हातात घेतली, फुलाची पाटी उचलताना वजन बघतात तसं बघितलं आणि परत दिली. आम्ही ऑटोने बसस्टँडला निघालो. मी मनात वाक्यं जुळवत होते. सगळी दोऱ्याकडेच जात होती. बस लागली तेव्हा ते म्हणाले की अकोल्याच्या फूलबाजारातल्या देवीदासशेठच्या मुलीचं लग्न येत्या वीस तारखेला आहे, फुलं आपल्या शेतातली आहेत आणि वाजवायला तुमचाच बँड आहे हे त्यांना कळलं आहे. मग पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "अकोल्याले मले तुई गिटार आयकू आली त वाजव, मी कायी म्हणणार नाही. नाही आली त बीएडचा फॉर्म भर, घरी ये, अन् अकोटचे पाहुणे यिऊन राह्यले त त्यायले यिऊ दे."

मी हो म्हणाले. माझ्या मते ती न्याय्य अट होती. बस गेल्यावर कळलं की न्याय्य अटीचाच जास्त धाक असतो.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. मी विचार करते की देवीदासशेठकडेही कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं असेल का. (मी चौकशी केली. एका काकूंना रक्तदाब आहे, पण त्या औरंगाबादच्या बाजूच्या आहेत आणि बहुधा यायच्या नाहीत. त्यांचं वाईट चिंतत नाही.) मला आता स्वतःचाच संशय येऊ लागला आहे. परवा सरावात मी एक अख्खं गाणं वाजवलंच नाही, नुसती उभी राहिले, कोणाला कळतं का बघायला. गाणं संपल्यावर कुलदीप म्हणाला की आज काही तरी पातळ पातळ वाटलं, कीबोर्डचा आवाज वाढवू या. मी आनंदाने रडले. त्यांना वाटलं पाहुण्यांमुळे. अकोटच्या पाहुण्यांबद्दल माझं काही वाईट मत नाही. मुलगा कृषी विद्यापीठात शिकलेला आहे असं म्हणतात. पण त्याच्या घरी भांडी थरथरलेली चालतील का, हे पहिल्या भेटीत कसं विचारायचं?

असो. तुम्हाला काळजीत टाकण्यासाठी हे लिहिलेलं नाही. केवळ ख्यालीखुशाली कळावी आणि वीस तारखेला सवड असली तर अकोल्याला यावं, एवढाच हेतू. देवीदासशेठ तुम्हाला ओळखतात. दुर्गामामींना नमस्कार, शुभमला अभ्यास कर म्हणावं.

तुमची भाची,
गीतांजली

ता. क. : खरं म्हणजे येताना टेम्पो घेऊन या. तुमच्याकडे बेसचे ते दोन मोठे स्पीकर आहेत ना, गेल्या नवरात्रात ज्यांच्यामुळे सराफांच्या दुकानाची काच तडकली होती, ते दोन्ही आणा. कुलदीपशी मी बोलते. बाबांना मात्र सांगू नका. तुम्ही सहज तिकडून जात होतात आणि स्पीकर टेम्पोत होते असं सांगा. हे खोटं आहे हे मला समजतं. पण अट ऐकू येण्याची आहे, किती मोठ्याने याबद्दल बाबा काही म्हणाले नव्हते.

ता. क. (गुरुवार सकाळ, पाकीट अजून चिकटवलेलं नाही) : मामा, एक घोळ झाला आहे. तुमच्या स्पीकरची तयारी म्हणून काल मी पहिल्यांदाच हेडफोन लावून फक्त माझंच वाजवणं नीट ऐकलं. नवरीच्या एंट्रीच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याला मी अडीच वर्षं चुकीचं वाजवत आले आहे. थोडंथोडकं नाही, सरळ चुकीचं. साठेक लग्नं त्या चुकीवर लागली. कोणाला ऐकूच येत नसल्याने कोणी बोललं नाही, आणि मी मुलांना सांगते की प्रत्येक निरीक्षण तपासून बघा. तेव्हा दोन नको. एकच आणा, तोही लहान. शक्यतो जुना.

ता. क. (गुरुवार दुपार) : आताच बाबांचा फोन आला होता. ते जीप करून महादेवराव, फुलं तोडायला येणाऱ्या गंगूबाई आणि शेजारच्या चार मळ्यांतली माणसं घेऊन येत आहेत. म्हणाले, "मी समद्यायले सांगून ठेवलं, वरचं आयकू नका, खालचं आयका." मग म्हणाले, "अन् नाही आयकू आली, तरी मी आली म्हणीन. तू कायजी नको करू."

मामा, बाजारात सगळे वजन वाढावं म्हणून फुलांवर पाणी मारतात. बाबांनी कधी मारलं नाही, त्यावरून आईशी भांडले, पण मारलं नाही. ते माझ्यासाठी पूर्ण जीपभर माणसांसमोर खोटं बोलायला तयार झाले आहेत, आणि मला ते चालणार नाही. दोन्ही आणा. मोठेच आणा. दुसरा अंतरा मी बसवायला घेतला आहे.